पदविका आहे, पण अर्ज कोण लिहिणार?

शेलूबाजारच्या मंडळींनो, मानवी हक्कांवरचं व्याख्यान म्हटलं की वक्ता १९४८च्या जाहीरनाम्यापासून सुरुवात करतो. आम्ही आज 'अपात्र' या शब्दापासून करतो.

शेतकरी आत्महत्येनंतर कुटुंबाला मिळणाऱ्या एक लाखाच्या मदतीच्या अटी २००६च्या शासन निर्णयात आहेत. कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. हातउसने घेतलेल्या पैशाला त्या कागदावर जागा नाही. वाशीम जिल्ह्यात हे कुणाला वेगळं समजावून सांगायला नको. 'अपात्र' लिहिलेलं पत्र घरी येतं, तेव्हा ते घेऊन बाई कुणाकडे जाते? आशाताईकडे, एखाद्या जुन्या ग्रामपंचायत सदस्याकडे, नाहीतर तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनवीसाकडे. मानवी हक्कांची पदविका घेतलेल्या माणसाकडे ती जात नाही. का जात नाही, एवढाच आजचा विषय आहे.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात (हो, बाबासाहेब १९१३ साली शिकायला गेले तेच) १९८९पासून मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी एक प्रशिक्षण चालतं. त्यातली एक गोष्ट आम्हाला मनापासून पटते. तिथे आधीपासून काम करणाऱ्यालाच घेतात. दुसरी खटकते. इंग्रजी चांगलं यायलाच हवं. म्हणजे माणूस कामावरून निवडायचा आणि भाषेवरून गाळायचा.

आपल्याकडच्या ज्या पदविका आम्ही पाहिल्या, त्यांनी यातली पटणारी गोष्ट सोडली आणि खटकणारी ठेवली. आधी पदवी दाखवा, मग या. संयुक्त राष्ट्रांच्या समित्यांची नावं पाठ करा, परीक्षा द्या. समित्या माहीत असाव्यात, आमची तक्रार नाही. पण १९९३च्या मानवी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ३६ सांगतं की, घटनेला एक वर्ष उलटलं की आयोगाला चौकशी करता येत नाही. आयोगाकडच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही. लागतं ते कॅलेंडरवरचं लक्ष. तेवढं शिकवायला वर्षभराचा अभ्यासक्रम कशाला, एक दुपार पुरे!

आता कोठडीचं घ्या. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९९६ साली बजावलं की अटक करतानाच अटकेचा कागद करायचा, त्यावर वेळ आणि तारीख घालायची, आणि घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही घ्यायची. हा प्रतिष्ठित माणूस प्रत्येक गावात असतो. समोर कागद आला की तो सहीही करतो. पण सही करण्याआधी वेळ लिहिली आहे की जागा कोरी सोडली आहे, हे बघायचं असतं, हे त्याला सांगितलं कुणी? आमच्या मते या जिल्ह्यातला पहिला प्रशिक्षणार्थी तोच. फासेपारधी वस्तीच्या शेजारी राहणारा असेल तर आणखी आधी.

विद्यापीठांना हे जमणार नाही, असं मात्र आम्ही म्हणत नाही. मथुरा प्रकरणात विदर्भातल्याच एका आदिवासी मुलीवर पोलीस चौकीत अत्याचार झाला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना सोडलं. पुढच्याच वर्षी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिणारे चौघे कायद्याचे प्राध्यापक होते: उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार. महिला संघटना रस्त्यावर आल्या, १९८३ साली कायदा बदलला. त्या पत्राच्या मुळाशी एक निकालपत्र शब्दन् शब्द, रागावून वाचण्याचं काम होतं. आम्हाला अभ्यासक्रमात हवं आहे ते असं वाचन. फक्त वाचायला निकालपत्राबरोबर तहसीलदाराचं पत्रही असावं.

म्हणून आमचं सुचवणं साधं आहे. अमरावती विद्यापीठानं असा एक वर्ग मंगरूळपीर तालुक्यात, मराठीतून, बाजाराचा दिवस सोडून घ्यावा. शिकवायला वकिलाबरोबर एक अर्जनवीसही ठेवावा. आणि प्रवेशाला गुणपत्रिका मागू नये. उमेदवारानं दुसऱ्या कुणासाठी तरी लिहिलेला एक अर्ज मागावा, पोच मिळाल्याच्या शिक्क्यासह.