खत विकणारा काळा काका

अंकल टॉम आपल्याला ठाऊक आहे. अंकल नॅचल फारसा कुणाला ठाऊक नाय. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या दक्षिणेत चिलीच्या खाणीतलं सोडियम नायट्रेट खपवायला जाहिरातवाल्यांनी हा म्हातारा काढला. काळा माणूस, तोंडभर हसू, भाषा मोडकी. 'नॅचरल'चं त्याच्या तोंडी 'नॅचल' होतं, तेच त्याचं नाव. छापील जाहिरातीत आणि रेडिओवर त्याचं एकच पालुपद: खत घ्यायचं तर नैसर्गिक घ्या.

हे नैसर्गिकचं प्रकरण काय? हवेतल्या नायट्रोजनपासून कारखान्यात खत करायची रीत जर्मनीत १९१३ ला सुरू झाली. पुढं अमेरिकेतही कारखाने निघाले, चिलीचा धंदा बसायला लागला. रोपाला मिळणारं नायट्रेट दोन्हीकडं तेच. मग फरक दाखवायचा कसा? काळ्या माणसाला उभं करा! काळा म्हणजे माती, काळा म्हणजे निसर्ग; शिकलेला नाय, पण आतून जाणणारा. (त्याच 'नैसर्गिक' खताच्या संपकरी कामगारांना १९०७ साली चिलीच्या इकीके गावात लष्करानं बायकापोरांसकट गोळ्या घातल्या. ते जाहिरातीत कुठनं येणार?)

'अंकल' तरी कसला? दक्षिणेतले गोरे काळ्याला 'मिस्टर' म्हणत नसत. तरुण असला तर 'बॉय', म्हातारा झाला की 'अंकल'. आपल्या सत्तरीतल्या आज्याला 'म्हाद्या' म्हणून हाक मारणारं पाटलाचं पोर आठवा. तिथं निदान नात्याचा मुलामा होता, इथं तेवढाही नाय.

भाषेचंही तेच. दक्षिणेतला गोरा शेतकरी तरी कुठं पुस्तकी इंग्रजी बोलायचा? पण मोडून छापायची ती काळ्याचीच बोली. मराठी नाटकात गडीमाणसानं तोंड उघडलं की हशा, त्याचीच ही जात. १९७२ ला ढसाळांनी 'गोलपिठा'त आपली बोली आपल्या हातानं छापली, तेव्हा कुणी हसलं नाय. दचकले.

पण मला जास्त खुपतं ते वेगळंच. म्हातारा शेतीतला जाणकार दाखवलाय; शेत कुणाचं? तिथले बहुतेक काळे शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीवर राबायचे, कुणी वाट्यानं, कुणी खंडानं. खत उधारीवर, वही मालकाकडं. कापूस निघाला की आधी वही वसूल, मग उरलं तर पोटाला. १९३३ पासून सरकारनं कापूस कमी पेरायला पैसे दिले. कितीतरी मालकांनी ते खिशात घातले आणि वाटेकऱ्यांना हाकललं. १९३४ ला आर्कान्सासमध्ये काळ्या-गोऱ्या कुळांनी मिळून संघटना बांधली. त्याच दशकात अंकल नॅचल हसत होता. त्याला सगळं बोलता येतं, पोत्याचा भाव आणि वहीतला आकडा सोडून.

आपल्याकडं काळा काका नाय, फेटेवाला हसरा बळीराजा आहे. घमेल्यातनं उघड्या हातानं युरिया फेकणारी मजूरबाई त्याच्या मागं कुठं दिसते का बघा. पुढच्या बैठकीला येताना अशा जाहिराती कापून आणा.