पीठ, मीठ आणि ओठ

कर्णबधिर मुलांच्या शिक्षणाविषयी लिहिताना 'ओष्ठवाचन' हा शब्द आपण फार सहज वापरतो. जणू ओठांवर अक्षरे उमटतात आणि मूल ती वाचून काढते. मला हा शब्दच दिशाभूल करणारा वाटतो. 'पीठ आण' आणि 'मीठ आण' ही वाक्ये आरशासमोर, आवाज न काढता म्हणून पाहावीत. ओठ दोन्ही वेळा सारखेच मिटतात, सारखेच उघडतात. फरक घडतो तो नाकात आणि गळ्यात. बाळ, माळ, भाळ यांचीही तीच गत.

याचा उलगडा आपल्या वर्णमालेतच आहे. तिच्या आडव्या ओळी उच्चारस्थानाप्रमाणे लावलेल्या आहेत: कंठ, तालू, मूर्धा, दात, ओठ. उभ्या रांगांत घोष, महाप्राण, अनुनासिक हे भेद येतात. ओठांकडे पाहणाऱ्या मुलाला फार तर ओळ कळते, रांग नाही. त्यातही पवर्ग तेवढा ठळक; कवर्ग तोंडाच्या मागच्या अंधारात. (हल्ली 'फळ'मधला फ इंग्रजी वळणाने, खालच्या ओठावर दात टेकवून उच्चारला जातो. शुद्धतावादी नाराज होतात; पण या मुलांना निदान तो फ वेगळा दिसतो!)

१९७६ साली हॅरी मॅकगर्क आणि जॉन मॅकडोनाल्ड यांनी 'नेचर'मध्ये एक प्रयोग मांडला. कानावर 'ब', पडद्यावर 'ग' म्हणणारे तोंड. बहुतेक प्रौढांनी ऐकला 'द'. म्हणजे ऐकू येणारी माणसेही उच्चारस्थान काही अंशी डोळ्यांनी ठरवतात. कर्णबधिर मुलाकडे हा डोळ्याचा वाटा असतो; उरलेला वाटा ते संदर्भावरून भरून काढते. ही उणीव ओळखूनच ऑरिन कॉर्नेट यांनी १९६६ मध्ये गॅलोडेट येथे चेहऱ्याजवळच्या हस्तमुद्रांची पद्धत रचली. सारख्या दिसणाऱ्या व्यंजनांना तिने वेगवेगळ्या मुद्रा दिल्या.

माझा खरा आक्षेप वहीवरच्या तांबड्या शाईला आहे. मुलाने 'मामा'ऐवजी 'बाबा' लिहिले की ती शुद्धलेखनाची चूक ठरते. वस्तुतः डोळ्याने जे टिपले त्याची ती प्रामाणिक नोंद असते. 'मीठ'चे 'पीठ' होणे आणि 'मीठ'चे 'तीळ' होणे यांना सारखेच गुण कापणारी तपासणी मुलाला काय दिसले हे विचारतच नाही.

सोलापुरात हा प्रश्न आणखी गुंततो. पूर्व भागातल्या विणकर पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून आलेल्या अनेक घरांत कन्नड, आणि शाळेत बहुधा मराठी. अंदाज बांधायला भाषा आधी अंगात मुरलेली असावी लागते. इथे मुलाला दोन भाषांचे अंदाज एकाच डोळ्याने बांधावे लागतात. तेलुगूत मीठ म्हणजे 'उप्पु' आणि पीठ म्हणजे 'पिंडी'. आईच्या ओठांवर हे दोन शब्द अगदी निराळे दिसतात. स्वयंपाकघरात अचूक डबा आणून देणारे तेच मूल मराठीच्या तासाला चुकते, आणि बाईंच्या नोंदवहीत 'लक्ष नाही' असा शेरा पडतो.