रणाघाताच्या वर्णनातील कर्ता

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांचा 'अकिलीस इन व्हिएतनाम' हा ग्रंथ १९९४ साली प्रसिद्ध झाला. बोस्टन येथे व्हिएतनाम युद्धातील माजी सैनिकांवर उपचार करीत असता ऐकलेली कथने आणि होमरच्या 'इलियड'मधील अकिलीसची कथा यांची त्यांनी येथे तुलना केली आहे. तीमुळे सैनिकाच्या दुःखाविषयी बोलण्याची भाषाच कशी पालटते, एवढ्याच अंगाचा विचार येथे कर्तव्य आहे.

१९८० साली अमेरिकन मनोविकार संघटनेने आपल्या वर्गीकरणात 'आघातोत्तर ताणविकार' ही संज्ञा स्वीकारली. तिच्यामुळे अनेकांच्या यातनेस मान्यता मिळाली, हे निर्विवाद होय. परंतु ही संज्ञा एक सामासिक नाम आहे, आणि अशा नामात कर्ता सहज लोप पावतो. विकार सैनिकाच्या ठायी दिसतो. कोणी काय केले, हा प्रश्न गळून पडतो. शे तो पुन्हा उभा करतात. ॲगमेम्नॉनने अकिलीसला सन्मानार्थ मिळालेली ब्रिसेइस हिरावून घेतली. अधिकारपदस्थाने जिवावरच्या प्रसंगी केलेला 'थेमिस'चा हा भंग शे यांना व्याधीच्या मुळाशी दिसतो. मराठीतील 'रीत' आणि 'धर्म' यांचे अर्थ एकवटले, तर या ग्रीक शब्दाच्या जवळपास पोहोचता येईल.

उपचाराच्या दृष्टीने यातून निघणारा निष्कर्ष मोलाचा आहे. सैनिकाचे कथन विश्वासाने ऐकणारा आणि ते इतरांपर्यंत प्रामाणिकपणे पोहोचविणारा श्रोता असल्याखेरीज बरे होणे कठीण, असे शे प्रतिपादितात. म्हणजे ऐकणे ही समाजाचीही जबाबदारी ठरते.

तथापि या सूत्रास मर्यादा आहे. 'इलियड'च्या अठराव्या सर्गात पॅट्रोक्लसच्या मृत्यूनंतर अकिलीस, आपण मित्राचे रक्षण केले नाही म्हणून, स्वतःलाच दोष देतो. या वाक्याचा कर्ता सेनापती नव्हे. शे या अपराधभावाचे वर्णन सहानुभूतीने करतात. परंतु वरिष्ठाच्या विश्वासघातावर आधारलेल्या त्यांच्या व्याख्येत त्यास जागा उरत नाही. २००९ साली ब्रेट लिट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नैतिक इजा' या संकल्पनेत स्वतः केलेल्या, न रोखलेल्या व पाहाव्या लागलेल्या कृत्यांचाही समावेश केला, तेव्हा ही उणीव बऱ्याच अंशी दूर झाली.

'माझा घात झाला' म्हणणारा सैनिक आणि 'माझ्या हातून घडले' म्हणणारा सैनिक यांची वाक्यरचना भिन्न आहे. दोघांस एकच सांत्वन देणे म्हणजे दोघांचेही न ऐकणे होय.