श्रवण आणि संसार : ‘स्मृतिचित्रे’तील ईश्वरी हाकेचा विचार

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’विषयी मराठी समीक्षेने मुबलक लिहिले आहे. प्रसन्न विनोद, निवेदनातील निर्व्याज मोकळेपणा, घरगुती बोलीचा गोडवा, नवऱ्याच्या विक्षिप्तपणाकडे पाहण्याची क्षमाशील दृष्टी हे त्या ग्रंथाचे विशेष आता पाठ्यपुस्तकी परिचयात जमा झाले आहेत. १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झालेल्या या आत्मचरित्राचे मराठी गद्यातील स्थान अढळ आहे, याविषयी दुमत नाही. तथापि या स्तुतीत एक गोष्ट निसटते. एका धर्मांतराने दुभंगलेल्या आणि पुन्हा सांधल्या गेलेल्या संसाराचा हा वृत्तांत आहे. आणि त्या दुभंगाच्या मुळाशी, एकाला ऐकू आलेली व दुसऱ्याला ऐकू न आलेली हाक आहे. ती हाक देवाची होती की मनाची, हे कोणी आणि कसे ठरवायचे, हा प्रश्न ग्रंथात कोठेही उघडपणे विचारलेला नाही. पण त्याचे उत्तर शोधण्याची खटपट मात्र पानोपानी चालू असते. विनोदाच्या कौतुकात आपण ती खटपट ऐकत नाही, असे मला वाटते.

नारायण वामन टिळकांच्या (१८६१–१९१९) धर्मांतराची हकिकत परिचित आहे. १८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्या हाती ‘नवा करार’ ठेवला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाने टिळक भारावले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांच्या बाजूने पाहता ही चढत्या स्वराची कथा आहे : पुस्तक, साक्षात्कार, निर्णय. चरित्रकारांनी ती तशीच सांगितली आहे. लक्ष्मीबाईंच्या बाजूने पाहता मात्र हीच घटना कोणत्याही स्वराविना येते. त्यांच्यापर्यंत पोचतो तो केवळ परिणाम. नवरा जिवंत आहे, पण नातलगांच्या लेखी तो नाहीसा झाला आहे; पदरात लहान मूल आहे. देव एकाशी बोलला आणि किंमत दुसरीला मोजावी लागली. नेतृत्वाच्या आणि पाचारणाच्या कथा सांगणाऱ्यांनी ही बाजू क्वचितच लिहिली. मराठीत ती लिहिली गेली, हे आपल्या वाङ्मयाचे भाग्य म्हटले पाहिजे.

येथे बायबलमधील एका कथेचे स्मरण उपयोगी पडेल. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात मंदिरात निजलेल्या बाल शमुवेलाला रात्री हाक ऐकू येते. वृद्ध याजक एली हाक मारतो आहे, असे समजून तो तीनदा त्याच्याकडे धावतो. एलीची दृष्टी मंदावली आहे, त्याच्या घराण्यावर देवाचा रोष आहे, आणि ती हाक त्याला ऐकूही येत नाही. पण ही हाक कोणाची असावी हे ओळखतो तो एलीच. ज्याला ऐकू येते त्याला उमगत नाही. ज्याला उमगते त्याला ऐकू येत नाही. धर्मोपदेशक या कथेतून बहुधा बालकाची आज्ञाधारकता तेवढी उचलतात. मला तिच्यातली ही विभागणी अधिक महत्त्वाची वाटते. ईश्वरी वाणीचे श्रवण एकट्याने पुरे होत नाही, ऐकणाऱ्याला ओळखणारा लागतो, असे ही प्राचीन कथा सुचवते. टिळकांच्या घरात ही ओळखण्याची बाजू लक्ष्मीबाईंकडे आली. त्यांनी ती मागून घेतली नव्हती, आणि ती पेलायला त्यांना पाचएक वर्षे लागली.

मराठी मनाला श्रवण ही कल्पना नवी नाही. नवविधा भक्तीत पहिला मान श्रवणाचा आहे. ‘दासबोधा’त भक्तींचे विवेचन श्रवणापासूनच सुरू होते. मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयही आरंभापासून कानासाठी लिहिले गेले. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने आपले ‘क्रिस्तपुराण’ ओवीत रचले आणि १६१६ मध्ये ते रायतूर येथे छापले गेले, ते देवळात जमलेल्या भाविकांना मोठ्याने वाचून दाखवता यावे म्हणून. परंतु या परंपरेतले श्रवण म्हणजे कथेचे, नामाचे, गुणवर्णनाचे श्रवण. सांगणारा समोर असतो, आणि काय ऐकायचे ते ठरलेले असते. प्रॉटेस्टंट धर्मजीवनाने जे दुसरे श्रवण आणले त्यात सांगणारा दिसत नाही. ‘देव मला काय सांगतो आहे?’ हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःच्या अंतःकरणाला विचारायचा असतो. टिळकांनी ही दोन्ही श्रवणे एकत्र आणली. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती, आणि ‘अभंगांजली’तील रचनांमध्ये वारकरी आर्ततेचा सूर ख्रिस्ताला उद्देशून लावलेला आढळतो. लक्ष्मीबाईंना मात्र यांपैकी कोणत्याच श्रवणाची तयार शिडी मिळाली नाही. त्यांचे शिक्षण बेताचे होते, तेही नवऱ्याने लहर लागेल तसे दिलेले. वडिलांचे सोवळे तर पराकोटीचे. १८५७ च्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून वडिलांना विटाळाच्या भीतीने पछाडले, ही हकिकत ग्रंथाच्या प्रारंभीच येते. त्या घरात ईश्वराचे अस्तित्व पाण्याच्या कळशीशी जखडलेले होते.

म्हणूनच पुढे जे घडते ते काळजीपूर्वक वाचले पाहिजे. दीर्घ विरहानंतर लक्ष्मीबाई टिळकांकडे परततात, पण आपले आचारविचार सोडत नाहीत. ख्रिस्ती नवऱ्याच्या सहवासात त्या काही काळ स्वतःचे पाणी व स्वयंपाक निराळा ठेवतात. या मधल्या अवस्थेतील ओढाताण त्यांनी ज्या खेळकरपणे रंगवली आहे, त्यामुळे वाचक हसतो आणि पुढे जातो. पण या अवस्थेचा शेवट कसा होतो? कोणतेही प्रवचन ऐकून नव्हे, दृष्टान्त होऊन नव्हे. एके दिवशी त्या विचार करू लागतात की जातिभेद देवाने केला की माणसाने. देवाने केला असता तर पशुपक्ष्यांत दिसते तशी काही खूण त्याने माणसामाणसांतही ठेवली असती. तशी तर कोठे दिसत नाही. इतका साधा, जवळजवळ स्वयंपाकघरातला युक्तिवाद. आणि त्याच्या शेवटी कोणाच्याही हातचे खाण्यापिण्याचा निश्चय. ज्या पाण्याच्या कळशीशी लहानपणीचा देव जखडलेला होता, तिथेच तो मोकळा होतो.

या प्रसंगात देव बोलल्याचा उल्लेख नाही. श्रद्धेचा उच्चार ग्रंथात अन्यत्र आहेच. पण आयुष्याला वळण देणाऱ्या या क्षणी निवेदिका कोणत्याही वाणीचा आधार घेत नाही. राजांच्या पहिल्या पुस्तकात एलीया संदेष्ट्यापुढून सोसाट्याचा वारा, भूकंप आणि अग्नी जातात. त्यांत परमेश्वर नसतो, आणि मग एक अगदी मंद स्वर येतो. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत तो स्वर इतका मंद आहे की स्वतःच्या विचारापासून तो वेगळा काढता येत नाही. हा उणेपणा कोणी मानील. मी याला प्रामाणिकपणा म्हणेन. धर्मांतराच्या साक्षी लिहिणाऱ्यांत घटनेनंतर तिला वाणीचा साज चढवण्याची सवय सार्वत्रिक आहे. लक्ष्मीबाईंनी ती कटाक्षाने टाळली की त्यांना ती कधी सुचलीच नाही, हे सांगणे कठीण. परिणाम एकच होतो : वाचक विश्वास ठेवतो.

टिळकांच्या नेतृत्वाची पारखही याच ठिकाणी होते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली, १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे आले, कवी, उपदेशक, संपादक म्हणून त्यांचा अधिकार मोठा होता. पण या सर्व अधिकारपदांहून मला त्यांचे थांबणे अधिक मोलाचे वाटते. हा उतावळा, तापट, दिलेला शब्द आणि खिशातला पैसा दोन्ही क्षणात उधळणारा माणूस पत्नीच्या श्रद्धेच्या बाबतीत थांबला. आपल्याला ऐकू आलेले तिला आपल्या तोंडून ऐकवण्याची घाई त्यांनी केली नाही. त्यांनी तिच्या मनाला वाट पाहू दिली. संसारात इतरत्र त्यांनी तिला किती गृहीत धरले, याचे दाखले ग्रंथात भरपूर आहेत, त्यामुळे हा अपवाद अधिकच उठून दिसतो.

१९१७ मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, ख्रिस्ती संन्यास घेतल्याचे जाहीर केले आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तानुयायांना त्यात स्थान होते. परदेशी मिशनच्या छायेत वाढलेली मंडळी इथल्या मातीत रुजावी, ही तळमळ तिच्यामागे होती. भारतीय ख्रिस्ती विचाराच्या इतिहासात या कल्पनेचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु ‘स्मृतिचित्रे’ वाचून आलेल्या वाचकाला इथे एक अडचण जाणवते. संन्याशाला बायको आहे, मुले आहेत, आश्रयाला आलेली माणसे आहेत, आणि पगार थांबला आहे. हाक ज्याला आली तो कृतार्थ आहे. उद्याच्या पिठामिठाचा हिशोब दुसऱ्या कोणाकडे आहे. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, टिळक निवर्तले आणि दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. तो टिकला असता तर काय झाले असते, हा तर्क व्यर्थ आहे. पण एका माणसाच्या कानावर उभ्या राहिलेल्या संस्थेचे हे स्वरूप नोंदवणे टीकाकाराचे काम आहे.

तुलनेसाठी पंडिता रमाबाईंचे (१८५८–१९२२) उदाहरण घ्यावे. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि लगेच पुढच्या काही वर्षांत, आपल्या गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात चर्चच्या अधिकाऱ्यांचा शब्द हाच देवाचा शब्द मानायला त्यांनी स्वच्छ नकार दिला. आपल्याला सदसद्विवेक आहे, एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने उतरवल्यावर दुसरे मानेवर घेणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. हा पत्रव्यवहार १९७७ मध्ये ए. बी. शहा यांच्या संपादनाखाली प्रसिद्ध झाला. रमाबाई विदुषी, शास्त्रार्थ त्यांच्या हाडीमासी खिळलेला. लक्ष्मीबाईंजवळ ते शस्त्र नव्हते. तरी दोघींच्या श्रवणात एक साम्य आहे : देवाच्या नावाने बोलणाऱ्या माणसाचा आवाज आणि देवाचा आवाज यांत अंतर ठेवण्याची सावधगिरी. एकीने ती वादातून राखली, दुसरीने हसण्यातून.

हसण्याचा हा मुद्दा अर्थात दुधारी आहे. विनोदी निवेदनात टिळक कधीकधी लहान होतात, त्यांच्या अंतर्यामीच्या झुंजीला न्याय मिळत नाही, हा आक्षेप घेता येईल आणि तो अगदीच निराधार नाही. टिळकांच्या एकांतात काय चालले होते हे जाणण्यासाठी त्यांच्या अभंगांकडेच जावे लागते. शिवाय आत्मचरित्राचा शेवटचा भाग अपुरा राहिला आणि तो त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी पुरा केला, हेही विसरता कामा नये. पण नित्याच्या जीवनातील ईश्वरी सान्निध्य म्हणजे काय, याचे मराठीतले सर्वांत भरीव चित्र अभंगांत नाही, ते या गद्यात आहे. अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) प्लेगमध्ये केलेली शुश्रूषा, पोरक्या मुलांना लावलेला जीव, ख्रिस्ती न होताही घरात मुलासारखे वावरणारे बालकवी ठोंबरे : यांपैकी कशावरही लक्ष्मीबाई ‘देवाचे कार्य’ अशी चिठ्ठी लावत बसत नाहीत. कोण आले, काय हवे होते, काय केले, एवढेच त्या सांगतात.

टिळकांनी १९०९ मध्ये आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध ख्रिस्तचरित्र अकराव्या अध्यायाच्या सुमारास थांबले होते. त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतले आणि आणखी चौसष्ट अध्याय रचले. टिळकांची ओवी संस्कृतप्रचुर, घाटदार. लक्ष्मीबाईंची साधी, कीर्तनात आणि बायकांच्या बोलण्यात रुळलेली. जिथे एक हात थांबतो आणि दुसरा सुरू होतो ती जागा वाचकाच्या कानाला सहज कळते. लक्ष्मीबाईंनी ती झाकण्याचा प्रयत्न केलेला नाही. त्या १९३६ मध्ये निवर्तल्या. ग्रंथ १९३८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याचा कितीतरी मोठा भाग त्या स्त्रीचा आहे जिला मूळ हाक ऐकूच आली नव्हती.