वेन्स्लीडेलचे दप्तर : कुटुंबवैद्याच्या नोंदी आणि त्यांची भाषा

इंग्लंडमधील यॉर्कशर परगण्यात वेन्स्लीडेल नावाचे एक खोरे आहे. तेथील एज्गार्थ या खेड्यात व्यवसाय करणारे डॉक्टर विल्यम पिकल्स (१८८५–१९६९) यांचा 'एपिडेमिऑलॉजी इन कंट्री प्रॅक्टिस' हा छोटेखानी ग्रंथ १९३९ साली प्रसिद्ध झाला. संसर्गजन्य रोगांचा गर्भावधी निश्चित करण्याच्या कामी या ग्रंथाने घातलेली भर वैद्यकाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. मेजर ग्रीनवुड यांच्यासारख्या संख्याशास्त्रज्ञाने (येथे 'मेजर' हे नाव आहे, लष्करी हुद्दा नव्हे) त्याला प्रस्तावना लिहिली, ही गोष्टही त्याच्या योग्यतेची निदर्शक म्हणावी लागेल. तथापि या ग्रंथाकडे आणखी एका दृष्टीने पाहणे अगत्याचे आहे. कुटुंबवैद्याच्या व्यवसायाचे दप्तर कसे असते, त्यात काय उतरते आणि काय उतरत नाही, हे ज्याच्या आधारे तपासता येईल असा इतका सुटसुटीत नमुना दुसरा क्वचितच सापडेल.

पिकल्स १९१३ पासून एज्गार्थला स्थायिक झाले. तोवर हृदयरोगाविषयीच्या संशोधनाने कीर्ती पावलेले सर जेम्स मॅकेंझी (१८५३–१९२५) यांनी बर्न्ली या गिरणगावात सुमारे पाव शतक सामान्य व्यवसाय करून असे दाखवून दिले होते की, रोगाची सुरुवात पाहण्याची संधी रुग्णालयातील तज्ज्ञाला नसते, ती घरी जाणाऱ्या वैद्याला असते. मॅकेंझींचा ग्रंथ १९२६ साली पिकल्स यांच्या वाचनात आला आणि तेथूनच त्यांच्या नोंदींची प्रेरणा निघाली. चौकटीच्या कागदावर गावांची नावे, त्यांपुढे दिवसांची घरे आणि प्रत्येक रोगाला एक रंग, अशी त्यांची पद्धत होती. त्यांची पत्नी आणि कन्या या कामात हातभार लावीत. म्हणजे हे दप्तर शब्दशः कौटुंबिक होते.

१९२९ साली या खोऱ्यात काविळीची साथ आली. सुमारे ५,७०० वस्तीपैकी २५० जणांना ती झाली. साथीचा माग काढताना पिकल्स यांना एका खेडवळ मुलीची आठवण झाली. गावच्या जत्रेच्या दिवशी सकाळी ते तिला पाहावयास गेले होते आणि ती अंथरुणावर होती. ती त्या दिवशी उठेल असे त्यांच्या मनातही आले नव्हते. पुढे कळले की ती दुपारी जत्रेला गेली होती. तेथे तिच्या संगतीत आलेल्यांची नावे आणि त्यांना कावीळ झाल्याचे दिवस जुळवून पाहता गर्भावधी २६ ते ३५ दिवसांचा भरतो असे निष्पन्न झाले. हा वृत्तान्त १९३० साली ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे ग्रंथात समाविष्ट झाला.

या प्रसंगाचे भाषिक स्वरूप लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. येथे पुराव्याचा कणा रोगाच्या नावाने बनलेला नाही, तो माणसांच्या नात्यांनी बनलेला आहे. कोण कोणाची बहीण, कोण कोणाकडे कामाला, कोण कोणत्या दिवशी कोठे गेला, हे ठाऊक असल्याखेरीज २६ आणि ३५ हे आकडे मिळतच नाहीत. 'कावीळ, २५० रुग्ण' असे वाक्य शहरातील अधिकाऱ्यालाही लिहिता आले असते. 'ती सकाळी अंथरुणावर होती, पण दुपारी जत्रेला गेली' हे वाक्य मात्र फक्त त्या खोऱ्यातल्या वैद्यालाच लिहिता येते. पिकल्स यांची शैली साधी, किंचित मिस्किल आणि सांगोवांगीच्या कथनाला जवळची आहे. काहींना तो दोष वाटेल, कारण शास्त्रीय निबंधात अशा गोष्टींना अडगळ समजण्याची रीत आहे. वस्तुतः ही अडगळ काढून टाकली तर ग्रंथाचा युक्तिवादच कोसळतो.

महाराष्ट्रीय वाचकाला या ठिकाणी गावच्या कुळकर्ण्याचे दप्तर आठवल्यावाचून राहणार नाही. जॉन बर्जर यांनी छायाचित्रकार जाँ मोर यांच्या साहाय्याने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या 'अ फॉर्च्युनेट मॅन' या पुस्तकात अरण्यप्रदेशातील एका ग्रामीण डॉक्टरचे चित्र रेखाटले आहे. त्यातही डॉक्टर म्हणजे त्या समाजाच्या नोंदींचा कारकून, अशी कल्पना मांडलेली आढळते. कल्पना मार्मिक आहे, परंतु ती अर्धीच खरी आहे. कुळकर्णी जे लिही ते गाव आणि सरकार या दोघांनाही वाचता येई. डॉक्टरची नोंद रुग्णाच्या हाती बहुधा पडत नसे, आणि पडली तरी त्याला ती वाचता येत नसे. शिवाय बर्जर यांच्या पुस्तकात डॉक्टरचे अंतरंग जितके बोलते तितके त्याच्याकडे येणारे लाकूडतोडे आणि शेतकरी बोलत नाहीत. ग्रंथ श्रेष्ठ आहे यात शंका नाही, पण दप्तर या नात्याने तो पिकल्स यांच्या रंगीत चौकटींपेक्षा कमी विश्वसनीय आहे, असे म्हणणे प्राप्त आहे.

पिकल्स यांच्या ग्रंथाला जे साधले ते इंग्लंडमधील सामान्य दप्तराला साधले नाही, याचे कारण त्या दप्तराच्या आकारात आहे. लॉइड जॉर्ज यांनी अर्थमंत्री असताना संमत करविलेल्या १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने कामगारांसाठी वैद्यकीय नोंदीचे कार्ड आले आणि पुढे ही कार्डे ठेवण्यासाठी एक लहानसे पाकीट रूढ झाले. त्याला आजही लॉइड जॉर्ज यांचेच नाव आहे. तळहाताएवढ्या या जागेत डॉक्टरने काय लिहावे? क्रियापद गेले, कर्ता गेला, विशेषणे गेली. तारीख, रोगाचे आद्याक्षर आणि औषध एवढेच उरले. ज्याला भाषाशास्त्रज्ञ विशिष्ट व्यवसायाची बोली म्हणतील तिचा उगम पुष्कळदा अशा कागदाच्या मापात असतो. याहून गंभीर गोष्ट ही की, विमा मुख्यतः नोकरी करणाऱ्या कामगारांपुरता होता. त्यांच्या बायका आणि मुले यांना त्याचे संरक्षण नव्हते, ते १९४८ साली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाल्यावर मिळाले. म्हणजे त्याआधीच्या सुमारे साडेतीन दशकांच्या सरकारी कार्डांवरून इंग्लंडमधील घरांचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला घरातील बहुसंख्य माणसे दिसणारच नाहीत. कुटुंबवैद्याच्या दप्तरात कुटुंबच नसावे, हा विरोधाभास लहान नव्हे.

येथे एका योगायोगाचा निर्देश करावासा वाटतो. १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये दोन मोठी सर्वेक्षणे शेजारीशेजारी चालू होती. लीड्स विद्यापीठात हॅरॉल्ड ऑर्टन यांच्या मार्गदर्शनाखाली इंग्रजी बोलींची पाहणी ३१३ ठिकाणी झाली. तिच्या प्रश्नावलीचा एक संपूर्ण भाग मानवी शरीराविषयीच्या शब्दांना वाहिलेला होता, आणि वेन्स्लीडेलमधील अ‍ॅस्क्रिग हे गाव तिच्या स्थळांपैकी एक होते. दुसरीकडे १०६ दवाखान्यांतील डॉक्टरांच्या साहाय्याने १९५५–५६ मध्ये सामान्य व्यवसायातील आजारांची पहिली राष्ट्रीय मोजणी झाली आणि १९५८ साली तिचा अहवाल निघाला. पहिल्या पाहणीने शेतकऱ्याचा शब्द जपला, पण त्याला झाले काय होते याच्याशी तिला कर्तव्य नव्हते. दुसरीने आजार मोजला, पण शेतकऱ्याने त्याला काय म्हटले होते हे टाकून दिले. स्वतः पिकल्स लीड्स शहरात जन्मलेले आणि तेथेच शिकलेले, तरीही त्यांच्या ग्रंथात रुग्णाची बोली अभावानेच येते. त्यांच्या गुणांची कदर करतानाही ही उणीव झाकून ठेवण्याचे प्रयोजन नाही.

पुढील काळात परिस्थिती सुधारली की बिघडली, याचे एकच उत्तर देता येत नाही. १९५२ साली सामान्य वैद्यव्यवसायिकांचे कॉलेज लंडनमध्ये स्थापन झाले आणि पिकल्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. त्याच्या दोनच वर्षे आधी जोसेफ कॉलिंग्ज यांनी ५५ दवाखाने पाहून 'लॅन्सेट' मध्ये जो अहवाल छापला होता, त्यात या व्यवसायाची दुरवस्था परखडपणे मांडली होती. तिला उत्तर म्हणून व्यवसायाला स्वतःचे शास्त्र आणि स्वतःचा इतिहास हवा होता. कॉलेजने संग्रह जमविला. परंतु संस्थेच्या संग्रहात साहजिकच संस्थेची इतिवृत्ते, पदाधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार, चित्रे आणि उपकरणे हीच अधिक येतात. अ‍ॅन डिग्बी यांनी १८५० ते १९४८ या कालखंडातील ब्रिटिश सामान्य व्यवसायाचा जो इतिहास १९९९ साली लिहिला, तो वाचताना व्यवसायाचे अर्थकारण किती महत्त्वाचे होते ते कळते. १९४८ पूर्वी दवाखान्याची रुग्णसंख्या ही विकत देण्याघेण्याची मालमत्ता होती. त्यामुळे जमाखर्चाच्या वह्या जपल्या गेल्या. रुग्णाच्या तक्रारीला मात्र बाजारात किंमत नव्हती.

१९८०च्या दशकाच्या प्रारंभी लफ्बरो येथील डॉक्टर जेम्स रीड यांनी संगणकासाठी एक संकेतावली रचली. पुढे ती ब्रिटिश दवाखान्यांत सर्वत्र पसरली आणि २०१८ पासून तिची जागा 'स्नोमेड' या आंतरराष्ट्रीय संकेतावलीने घेण्यास सुरुवात केली. भाषाभ्यासकाने या संकेतावल्यांकडे कोश म्हणूनच पाहिले पाहिजे. कोशकाराला शब्द निवडावे लागतात आणि न निवडलेला शब्द हळूहळू बोलण्यातूनही मागे पडतो. या बाबतीत १९८७ साली प्रसिद्ध झालेले प्राथमिक वैद्यकाचे आंतरराष्ट्रीय वर्गीकरण अधिक सहृदय ठरते. रुग्ण कोणत्या कारणासाठी आला, हे त्याच्याच बाजूने नोंदविण्याची सोय त्यात आहे. इतकेच नव्हे तर 'हृदयविकाराची भीती' यालाही त्यात स्वतंत्र स्थान आहे. भीती हा रोग नसला तरी दाराशी येण्याचे ते खरे कारण असते, एवढे ओळखणारी संकेतावली निदान ऐकणाऱ्या माणसाने रचली असली पाहिजे.

आता जतनाच्या मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. इंग्लंडमधील नियमाप्रमाणे सामान्य व्यवसायातील नोंदी रुग्णाच्या मृत्यूनंतर साधारणतः १० वर्षे ठेवल्या जातात आणि नंतर नष्ट करता येतात. रुग्णाचे गुपित राखणे हे डॉक्टरचे आद्य कर्तव्य असल्याने या नियमाला सहजासहजी दोष देता येणार नाही. नावे खोडून नोंदी ठेवाव्यात असा उपाय सुचविला जातो. परंतु वेन्स्लीडेलच्या उदाहरणाने या उपायाची मर्यादा दाखवून दिली आहे. नाव खोडले की नाते खोडले जाते, आणि नाते गेले की कुटुंबवैद्याच्या दप्तरात व रुग्णालयाच्या दप्तरात काही अंतर उरत नाही. नावाऐवजी कृत्रिम खूण वापरून घरे व नाती कायम ठेवणे आणि दीर्घ मुदतीनंतरच संशोधकांना ती खुली करणे हा मध्यम मार्ग दिसतो. तो खर्चिक आहे, म्हणूनच तो बाजूला पडतो.

लेखी दप्तराची पोकळी मौखिक साधनांनी काही अंशी भरून निघते. ज्युलियन सिम्प्सन यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भारतीय उपखंडातून जाऊन ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींच्या व कारखान्यांच्या वस्त्यांत सामान्य व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांच्या मुलाखतींचा आधार घेतला आहे. ज्या जागा स्थानिक पदवीधरांना नकोशा होत्या त्या या मंडळींनी सांभाळल्या, हे सिम्प्सन यांचे प्रतिपादन पुराव्यानिशी आले आहे. एक गोष्ट मात्र राहून गेली. इंग्रजी ही ज्यांची शिक्षणाची भाषा होती, घरची नव्हती, असे हे डॉक्टर वेल्समधील किंवा लँकाशरमधील रुग्णाची बोली कशी शिकले आणि तिचा अनुवाद त्यांच्या कार्डांवर कसा झाला, या दिशेने मुलाखतींना आणखी खोल जाता आले असते.

अनुवादाचा हा प्रश्न महाराष्ट्रात तर दररोजचा आहे. मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली आणि तिच्यात डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. तेव्हापासून या प्रांतात तक्रार मराठीत सांगितली जाते आणि इंग्रजीत लिहिली जाते. 'कणकण आहे', 'अंग मोडून येते', 'उसण भरली', 'जीव घाबरा होतो', 'तोंडाला चव नाही' या पाच तक्रारी पाच वेगळ्या अवस्था सांगतात. कणकण म्हणजे ताप नव्हे, ताप येण्यापूर्वीची ती चाहूल आहे, आणि मॅकेंझी ज्या प्रारंभिक अवस्थेच्या शोधात होते तीच ती. वहीत मात्र तिच्यासाठी 'फीवर' हा एकच शब्द उतरतो. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' याचा पहिला खंड काढणाऱ्या राजवाड्यांनी घरोघरच्या रुमालांतून कागद सोडवून आणले. कुटुंबवैद्याच्या वह्यांना असा संग्राहक लाभलेला नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी नोंदी ३ वर्षे ठेवण्याचे जे बंधन घातले ते दाखल रुग्णांपुरते होते. दवाखान्यातील बाकावर बसून औषध घेऊन जाणाऱ्याची वही त्यात आली नाही. डॉक्टर निवृत्त झाले, जागा विकली गेली, की त्या वह्या रद्दीच्या तराजूत जातात. त्यांच्याबरोबर कंपाऊंडरच्या हातची मिक्श्चरची पुस्ते आणि बाटलीवर चिकटविण्यासाठी कातरलेल्या मात्रेच्या पट्ट्याही जातात. त्या पट्ट्यांवर अक्षर एकही नसे, तरी निरक्षर रुग्णाला त्या अचूक वाचता येत.