'घाशीराम कोतवाल' : खबर आणि खबरीचा मालक

विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' १९७२ मध्ये पुण्यात प्रथम रंगमंचावर आले. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे नाटककाराने स्वतः सांगूनही समीक्षा दीर्घकाळ नाना फडणविसांच्या चित्रणाच्या वादातच गुंतून राहिली. प्रस्तुत लेखात वेगळा प्रश्न विचारात घ्यावयाचा आहे : लोकांची खबर ज्याच्या हाती, सत्ता त्याच्याच हाती टिकते काय?

घाशीराम सावळदास १७७७ ते १७९१ या काळात पुण्याचा कोतवाल होता. शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद ठेवणे हे कोतवालीचेच काम. नाटकात या नोंदीचा परवाना होतो. प्रेत जाळण्यासही तो लागतो. येथे प्रेक्षक प्रथम हसतो. पुढे मध्यरात्री दार ठोठावून कोतवाल घरातल्या स्त्री-पुरुषांकडे नात्याचा पुरावा मागतो, तेव्हा हसू थांबते. चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करून वर्गात येणाऱ्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्यांना हा प्रसंग फारसा समजावून द्यावा लागत नाही. घरमालक, ठेकेदार आणि कंपनीचे फाटक, तिघांकडेही त्यांची कागदपत्रे जमा असतात.

तथापि घाशीरामाची सत्ता उसनी आहे. मुलीच्या मोबदल्यात मिळालेली कोतवाली देतानाच नाना हिशेब मांडतो की, आपली पापे यापुढे कोतवालाच्या खाती पडतील. कोठडीत ब्राह्मण गुदमरून मरतात, जमाव खवळतो आणि नाना घाशीरामाला जमावाच्या स्वाधीन करतो. खबर गोळा करणारा संपतो. तिचा मालक उरतो. स्टालिनच्या मृत्यूनंतर १९५३ मध्येच सहकाऱ्यांनी संपविलेला, गुप्त पोलिसांचा एकेकाळचा प्रमुख बेरिया याच जातकुळीचा.

परंतु १९९८ मध्ये रशियन गुप्तचर यंत्रणेचे प्रमुखपद मिळालेले व्लादिमीर पुतिन १९९९ मध्ये पंतप्रधान आणि २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. तेथे कोतवालच नाना झाला. बळी देण्यास वेगळा घाशीराम सदैव हाताशी असतो, वर मात्र कोणी नसतो. तेंडुलकरांच्या रचनेत ही शक्यता बसत नाही, ही तिची मर्यादा मानावी लागेल. तिचे सामर्थ्य अन्यत्र आहे. ब्राह्मणांचा तो मानवी पडदा हवे तेव्हा पाठ फिरवतो, हवे तेव्हा फटीतून पाहतो. घाशीरामाच्या अंतानंतर नाना उत्सवाची आज्ञा देतो, आणि हाच पडदा नाचू लागतो.