हंगामी नेतृत्व आणि दलित साहित्य

दलित साहित्याच्या समीक्षेत नायकाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. नायक की समूह, 'मी' की 'आम्ही', हा वाद आपण संमेलनांच्या मांडवात कंटाळा येईपर्यंत घातला. परंतु जो माणूस अर्ध्या तासासाठी, फार तर एका लढ्यापुरता समूहातून पुढे होतो, जबाबदारी घेतो आणि काम झाल्यावर पुन्हा समूहात जाऊन बसतो, त्याची दखल आपल्या कवितेने घेतली नाही, कथेनेही जवळजवळ घेतली नाही. आपल्या कवितेत वर सूर्य आहे आणि खाली वस्ती आहे. मधला माणूस नाही. ही उणीव केवळ वाङ्मयीन आहे असे मला वाटत नाही.

मी ज्या पट्ट्यात राहतो त्यात उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही लोकलची तीन स्टेशने एकापाठोपाठ येतात. निर्वासितांच्या छावण्या, आगपेट्यांचा कारखाना, दारूगोळ्याचा कारखाना आणि या सर्वांच्या कडेने टेकड्यांवर वसलेली आपली माणसे. २९ सप्टेंबर २००६ रोजी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. नोव्हेंबरात विदर्भ पेटला. त्यातच कानपूरला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली आणि ३० नोव्हेंबरला उल्हासनगरात डेक्कन क्वीनचे डबे जाळण्यात आले. जळते डबे साऱ्या देशाने पाहिले. मला प्रश्न पडतो तो त्याआधीच्या काही मिनिटांचा. डबे पेटण्यापूर्वी प्रवासी खाली उतरवले गेले होते. म्हणजे त्या संतापलेल्या जमावात कोणीतरी 'आधी माणसं उतरवा' असे म्हटले असणार, आणि जमावाने ते ऐकले असणार. (गाडी जाळण्याचे समर्थन मी करीत नाही, तो स्वतंत्र विषय आहे.) हा हुकूम देणारा कोण होता? तो कोणत्याही गटाचा अध्यक्ष नव्हता, हे नक्की. गटांचे अध्यक्ष त्या महिन्यात लोकांच्या मागून धावत होते. सरकारला मात्र नेत्यावाचून चैन पडेना. दलित आपणहून रस्त्यावर येतात ही गोष्ट मानवत नसल्यामुळे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात शोधला.

पुढची घटना अठरा वर्षांनंतरची आणि दोन स्टेशने पलीकडची. २० ऑगस्ट २०२४ रोजी बदलापुरात, शाळेतील दोन चिमुकल्यांवरील अत्याचाराविरुद्ध, सर्व जातींची माणसे सकाळपासून संध्याकाळपर्यंत रुळांवर बसली. गिरीश महाजन मंत्री म्हणून बोलणी करायला आले, तर जमावाच्या वतीने बोलणारा कोणी नव्हता. शेवटी लाठ्या चालल्या, सत्तरच्या आसपास माणसे पकडली गेली, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी आंदोलक बाहेरचे असल्याचे व आंदोलनामागे राजकारण असल्याचे सांगितले. पुढारी दिसला नाही की सत्ता स्वतःच एक पुढारी तयार करते, आणि पकडली जातात ती मात्र बिनचेहऱ्याची पोरे.

आपली परंपरा अशी नव्हती. महाडला २० मार्च १९२७ रोजी परिषद संपत आलेली असताना आभाराला उठलेल्या अनंतराव चित्र्यांनी आताच तळ्यावर जाऊ या असे सुचविले. ते चार वाक्यांपुरते पुढारी झाले. मिरवणूक निघाली ती बाबासाहेबांच्या मागे. नाशिकचे उदाहरण याहून मोठे आहे. २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याच वर्षी बाबासाहेब गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले. मागे नाशिकचा मोर्चा सांभाळला तो भाऊराव गायकवाडांनी. सत्याग्रह सुरू झाला तेव्हा त्यांचे वय २७ वर्षांचे होते. सल्ला पत्राने येत होता. पण लाठ्या, अटका, खेड्यांतून येणाऱ्या माणसांची भाकर हे सारे रोज सकाळी भाऊरावांच्या दारात उभे राही. पुढे ३ मार्च १९३४ च्या पत्रात बाबासाहेबांनी सत्याग्रह थांबवावा असा विचार मांडला. चार वर्षे दुसऱ्याच्या जागी उभे राहून, ती जागा आपली आहे असे या माणसाने कधी मानले नाही. हेच भाऊराव पुढे दादासाहेब झाले आणि १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहाचे नेते ठरले. तेथेही एक तुकडी तुरुंगात गेली की दुसरी पुढे येत होती.

मग हे मोडले कोठे? ३ ऑक्टोबर १९५७ रोजी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि दोनच वर्षांत 'दुरुस्त' आणि 'नादुरुस्त' हे शब्द आपल्या वस्त्यांत रूढ झाले. पुढच्या फुटींची यादी देत नाही. वाचकांना ती पाठ आहे. ज्याच्याकडे सभेपुरता माईक आला त्याने तो ठेवून घेतला. त्यामुळे सामान्य कार्यकर्त्याच्या मनात पुढे येण्याचीच धास्ती बसली. तो पुढे आला तर वस्तीतलेच म्हणतात, 'हाही दुकान मांडणार.'

साहित्याचा दोष येथे सुरू होतो. आत्मकथनांनी 'मी' उभा केला, गीतांनी महामानव उभा केला. अपवाद मला दिसतो तो उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) या ग्रंथाचा. त्यातल्या बायका मोर्चाच्या पुढे झाल्या, सभेत बोलल्या आणि परत आपल्या कामाला लागल्या. त्या सांगतात त्या साध्या गोष्टी आहेत, आणि नेमक्या त्याच आपल्या कथेत येत नाहीत: पहिल्यांदा बोलताना आवाज कसा फुटला, निरोप कोणी पोचवला, मागे पोरांना कोणी पाहिले.

त्या संध्याकाळी उल्हासनगरात जे विशीत होते ते आज चाळिशीत आहेत. त्यांची मुले कॉलेजात जाऊ लागली आहेत. त्यांनी वर्तमानपत्राला मुलाखत द्यावी असे मी म्हणणार नाही, कारण नावासकट छापलेली मुलाखत उद्या पोलिसांच्या फायलीत जाऊ शकते. कथेत नाव बदलता येते, टेकडी बदलता येते, फक्त ती दहा मिनिटे बदलायची नाहीत. अशी एकही कथा माझ्या वाचनात अजून आलेली नाही.